छत्तीस एकरांची भीती

रात्री साडेअकराच्या सुमारास फोन वाजला, की आमच्या घरात आता कुणाचा म्हणून विचारत नाहीत. बायको पंखा एकवर करते, म्हणजे मला नीट ऐकू यावं. मी फोन घेऊन मागच्या दारी पायरीवर जाऊन बसतो.

"काका, झोपला नव्हतासा न्हवं?"

"नाही रे. बोल."

"शेवटचं एकदा विचारतोय. ते वेस्ट ओलं असलं तर?"

हे 'शेवटचं एकदा' गेले तीन महिने चाललं आहे. बोलणारा मुलगा आमच्या बेळगावातल्या अनगोळचाच, चोवीस वर्षांचा. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतो. त्याला विचारून लिहितो आहे, आणि त्याची ओळख पटेल असे बारकावे बदलून. मे महिन्यात शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या बोटाला जॉबची धार लागली. त्याने मूठभर कॉटन वेस्टने रक्त पुसलं, ते तसंच ट्रेमध्ये टाकलं आणि पट्टी बांधायला गेला. थोड्या वेळाने या मुलाने कूलंटचे हात त्याच वेस्टला पुसले. मनगटावर दोन दिवसांपूर्वीची खरचट होती, खपली धरलेली. झालं ते एवढंच. पुढे आठवड्याभराने चहाच्या गाड्यावर कुणीतरी आवाज बारीक करून म्हणालं, तो गडी दर महिन्याला सिव्हिलला जातोय बघ, गोळ्या आणायला. कसल्या गोळ्या, असं कुणी विचारलं नाही. "तसल्या," एवढ्यातच सगळ्यांना कळलं.

त्या रात्रीपासून याची झोप उडाली. जूनपासून एचआयव्हीच्या चार तपासण्या झाल्या. दोन खासगी लॅबमध्ये, तिसरी सिव्हिलच्या केंद्रात, चौथी पुन्हा खासगीत, घटनेला शंभर दिवस उलटल्यावर. चारही निगेटिव्ह. चारही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात शर्टांच्या तळाशी ठेवलेत. घरचे झोपले की ती पिशवी काढायची, कागदावर नाव आपलंच आहे ना ते बघायचं, मग फोन.

तो मलाच का फोन करतो? त्याचा बाप माझ्या थोरल्या भावाचा मित्र. तशी पिशवी माझ्याही कपाटात होती, हे त्याला ठाऊक आहे.

०००

२००४ साली मी याच वयाचा होतो. गणपतीच्या आदल्या दिवशी चौथ्या रेल्वे गेटाजवळच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. दुकानात गर्दी, बाहेर ढोल. सलूनवाल्या मामांनी वस्तऱ्यात ब्लेड चढवलं तेव्हा मी रस्त्यावरून चाललेल्या मूर्तीकडे बघत होतो. हनुवटीखाली जरासं लागलं. मामांनी तुरटी फिरवली, मी पैसे दिले, घरी आलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, ब्लेड नवं होतं का? मी पाहिलं नव्हतं. त्या न पाहिलेल्या क्षणापायी माझे पुढचे अकरा महिने गेले.

माझ्या आधी खुर्चीत कोण होतं, ते आठवायला लागलो. कुणीतरी मोठ्या अंगाचा माणूस होता. दोन दिवसांनी वाटलं, ट्रकवाला असणार. आठवड्यात तो नक्की ट्रकवाला झाला. गणपती विसर्जनापर्यंत त्याचे गाल बसले, तो खोकायला लागला. आठवणीतल्या त्या बापड्या माणसाला मी रोज थोडं थोडं आजारी करत गेलो.

दर शनिवारी बेळगाव स्टेशनवर जाऊन वजनाच्या यंत्रात नाणं टाकायचो. जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं, त्यावर वजन आणि मागे भविष्य. अठ्ठावन्न. सत्तावन्न. दिवाळीनंतर चोपन्न. भविष्य मी कधी वाचलं नाही. पोट बिघडलेलं, भूक मेलेली, पहाटे बनियन घामाने भिजलेलं. काखेत गाठ आली आहे का म्हणून इतक्यांदा दाबून पाहायचो, की तिथे खरोखरच दुखरी सूज आली. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. "कुणाची नजर लागली काय की पोराला," म्हणायची. वहिनीला वाटलं, मुलीचं प्रकरण असावं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. सांगायचं काय? दाढी करताना लागलं, असं म्हटलं तर समोरचा हसेल, किंवा दाढीचं निमित्त सांगतोय, खरं काहीतरी वेगळंच असणार, असं मनात म्हणेल. या दुसऱ्या शक्यतेचं भय मला विषाणूइतकंच होतं. कदाचित जास्त.

लक्षणांची यादी मला पाठ होती. दवाखान्याच्या भिंतीवर ती चिकटवलेली असे: दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे, महिन्याहून अधिक जुलाब, महिन्याहून अधिक ताप. ही यादी कुठून आली, ते मला फार उशिरा कळलं. १९८५ साली आफ्रिकेतल्या बांगी शहरात जागतिक आरोग्य संघटनेची बैठक झाली होती. जिथे रक्ततपासणीची सोयच नाही, तिथल्या डॉक्टरांना एड्सच्या रुग्णांची मोजदाद करता यावी म्हणून ती व्याख्या बेतली होती. ती यादी निरोगी माणसाने आरशासमोर उभं राहून स्वतःला लावून बघण्यासाठी नव्हती. पण भिंतीवर आली की ती सगळ्यांचीच होते. आणि भीतीने काय होतं? भूक जाते, वजन घटतं, पोट चालतं, घाम फुटतो. भिंतीवरची यादी माझ्या अंगावर एकेक करून खरी होत गेली.

तो काळही तसाच होता. एड्स म्हणजे मरण, हे आमच्या पिढीच्या मनावर आधी बिंबवलं, तो होतो कसा हे नंतर सांगितलं. मुंबईत २००२च्या अखेरीस 'बलबीर पाशाला एड्स होईल का?' असे फलक लागले आणि त्या नावाची चर्चा सगळीकडे पोहोचली. आपल्या देशात सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधं मिळायला सुरुवात झाली १ एप्रिल २००४ला, म्हणजे माझ्या त्या दाढीच्या पाच महिने आधी, आणि तीही मोजक्या रुग्णालयांत. मला त्याचा पत्ता नव्हता. मरायचं कसं, एवढंच मला माहीत होतं.

पहिली तपासणी एका खासगी लॅबमध्ये केली. कागद द्यायची वेळ झाली तेव्हा आतून एकाने मोठ्याने विचारलं, "एचआयव्हीवाले कोण?" बाकावर आठ-दहा माणसं होती. त्यातल्या एक बाई आमच्याच गल्लीतल्या. मी उठलो नाही. त्या दिवशी कागद न घेताच बाहेर पडलो आणि सायकल हातात धरून येळ्ळूरच्या रस्त्याने अंधार पडेपर्यंत चालत राहिलो.

०००

या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर सरळ आहे. मी ते त्याला पंचवीस वेळा तरी दिलं असेल.

एचआयव्ही हा नाजूक विषाणू आहे. त्याच्यावर चरबीचं एक पातळ आवरण असतं. साबणाने ते फाटतं, वाळण्याने निकामी होतं. रक्त वाळलं की काही तासांत त्याची लागण करण्याची ताकद नव्वद ते नव्व्याण्णव टक्क्यांनी घटते, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रयोगशाळेत पाहिलं आहे, आणि तिथे मुद्दाम माणसाच्या रक्तात असतात त्याहून कितीतरी जास्त विषाणू घेतले होते. सिरिंजच्या आत मात्र रक्ताला हवा लागत नाही, तिथे तो काही आठवडेही टिकू शकतो. म्हणून नशेसाठी एकच सुई दोघांनी वापरणं धोक्याचं. कूलंटने माखलेल्या कापसावरचं रक्त, त्यावरून फिरलेला हात आणि खपली धरलेली खरचट ही वाटच नव्हे.

डॉक्टर आणि नर्स यांचं उदाहरण मी त्याला नेहमी देतो. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई त्यांच्या हातात घुसली, तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात सुमारे तीन. नऊशे सत्त्याण्णवांना काही होत नाही. तरीही ते थांबून राहत नाहीत. ७२ तासांच्या आत, जमल्यास पहिल्या काही तासांतच, औषधं सुरू करतात आणि २८ दिवस घेतात. ज्याच्या बाबतीत खरंच धोका घडला आहे, सुईचा असो, असुरक्षित संबंधाचा असो किंवा अत्याचाराचा, त्याने रात्रभर विचार करत बसू नये, तडक सरकारी रुग्णालय गाठावं. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा वेळी हयगय झाली तर ती जिवावर बेतते.

डास? डास चावतो तेव्हा आपली लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचं रक्त सोडत नाही. हा विषाणू डासाच्या पोटात वाढतही नाही, पचून जातो. एका ताटात जेवण, एका बाटलीतलं पाणी, शेजारी बसणं, हस्तांदोलन, संडास यांतून तो जात नाही. सलूनच्या ब्लेडबाबत खरी काळजी करायची तर ती कावीळ 'ब'ची. तिचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी जगतो. नवं ब्लेड मागावं ते त्यासाठी.

तपासणीचंही तसंच. प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही शोधणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली तपासणी धोका घडल्यापासून ४५ दिवसांनी भरवशाची मानतात, आणि झटपट तपासणीसाठी तीन महिने थांबायला सांगतात. शंभराव्या दिवशी निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह. प्रश्न मिटला.

पण तो मिटत नाही. ही सगळी माहिती त्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. मी ४५ म्हणालो की तो म्हणतो, "क्वचित उशिरा पण दिसतंय की काका, लाखात एखाद्याला." मी लाखातला एक नाकारू शकत नाही. कुणीच नाकारू शकत नाही. तेवढी फट त्याला पुरते.

०००

एका माणसाच्या डोक्यात हे घडतं तेव्हा आपण त्याला वेडं म्हणतो. सगळ्या गावाच्या डोक्यात घडलं तर?

आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथून ती सौंदत्तीकडे जाते, नविलतीर्थाच्या धरणात अडते आणि कालव्यांनी धारवाड जिल्ह्याच्या काळ्या रानात शिरते. त्या भागात नवलगुंद तालुक्यात मोरब नावाचं गाव आहे. गावाला पिण्याचं पाणी देणारं एकच तळं, छत्तीस एकरांचं. २०१८च्या नोव्हेंबरअखेर त्या तळ्यात एका बाईचं प्रेत सापडलं. तिला एचआयव्ही होता, ही बातमी गावात पसरली, आणि गावाने त्या तळ्याचं पाणी तोंडात घ्यायचं सोडलं. बाया-माणसं कालव्यापर्यंत चालत जाऊन पाणी आणू लागली. अधिकारी आले, डॉक्टर आले. पाण्यातून हा रोग जात नाही, हवं तर पाणी तपासून घेऊ, असं सांगितलं. लोक मानले नाहीत. तळं रिकामं करा, एवढंच मागणं. शेवटी डिसेंबरात सायफनच्या नळ्या आणि मोटारी लावून छत्तीस एकरांचं तळं उपसायला घेतलं, पुन्हा मलप्रभेच्या कालव्याने भरायचं म्हणून.

मी एकदा कागदावर हिशेब मांडला होता. छत्तीस एकरांत मीटरभरच पाणी धरलं तरी ते साडेचौदा कोटी लिटर होतं. उत्तर कर्नाटकातला तो दुष्काळी पट्टा. तिथे घागरीचं मोल काय असतं, ते आम्ही सांगायला नको.

प्रेत पडलेलं पाणी प्यायला मन धजत नाही, हे मी समजू शकतो. पाणी गाळून, औषध टाकून, शुद्ध करून द्या, असं गाव म्हणालं असतं तर त्यात गैर काही नव्हतं. पण ज्या शब्दाने तळं उपसलं गेलं तो शब्द 'प्रेत' नव्हता. ज्या तीन अक्षरांनी उपसलं गेलं ती अक्षरं मला ओळखीची आहेत. "पाणी तपासू" म्हटल्यावर गाव नको म्हणालं, ते मला कळतं. तपासून शंका जात नाही. मीही माझं रक्त चार वेळा तपासून घेतलं होतं. मला रक्त तपासायचं नव्हतंच, मला ते उपसून टाकून नवं भरायचं होतं.

आणि ती बाई? ती कुणाची कोण होती, कशाने त्या पाण्यापर्यंत गेली, हे तळ्याच्या बातमीत दोन ओळींपुरतंही उरलं नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ला अमलात आला होता. संमतीशिवाय कुणाची तपासणी करू नये, कुणाचा आजार उघड करू नये, त्यावरून कुणाला वेगळं वागवू नये, हे त्यात लिहिलं आहे. मोरबची गोष्ट त्यानंतर तीन महिन्यांच्या आतली.

हे मोरबचंच वैगुण्य आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथे १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं आणि म्हापशाच्या रिकाम्या पडलेल्या क्षय रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवलं. त्याने रक्तदान केलं होतं, त्यातून त्याचा एचआयव्ही कळला होता. त्याचा गुन्हा तेवढाच. एचआयव्ही असलेल्याला सरकारने वेगळं ठेवावं, असा कायदाच तेव्हा गोव्यात होता. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक १९९२ साली गेला, जाण्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करून. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांच्या 'सेवालया'तली एचआयव्हीबाधित मुलं २००९ साली गावच्या शाळेत जाऊ लागली, तर पालकांनी आपली मुलं घरी ठेवली. गोव्यात रिवणला २०१४ साली तेरा मुलांना शाळेबाहेर राहावं लागलं, तेही पालकांच्या हट्टामुळे. या सगळ्या जागी घाबरलेली माणसं धोक्यात नव्हती. धोक्यात होती ती ज्यांना घाबरलं जात होतं ती माणसं.

०००

मला वाट दाखवली ती सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणी केंद्रातल्या एका समुपदेशक बाईंनी. कन्नड बोलणाऱ्या, मराठी अडखळत. चौथ्या तपासणीचा कागद त्यांनी मला आत बोलावून, दार लोटून दिला. मी वाचला आणि विचारलं, "पुन्हा कधी करायची?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रिपोर्ट मी दिला. तुम्हाला गॅरंटी पाहिजे. ती इथं कुणालाच मिळत नाही. मलाबी नाही." मग कागदाच्या पाठीमागे त्यांनी एक तारीख घातली, सहा आठवड्यांनंतरची. तोवर तपासणी करायची नाही, काख दाबायची नाही, वजन करायचं नाही आणि कुणालाही 'मला झालं असेल का' विचारायचं नाही. "भीती येईल. येऊ दे. बसू दे शेजारी. तुम्ही तुमचं काम करा," म्हणाल्या.

हे त्या कुठे शिकल्या होत्या, मला माहीत नाही. पण पुढे वाचताना सापडलं, की १९८६ साली, म्हणजे भारतात एचआयव्हीचा पहिला शोध चेन्नईत लागला त्याच साली, पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक या दोघांनी आजाराच्या भीतीवर एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की अशा माणसाला 'काही झालेलं नाही' असं पुन्हा पुन्हा सांगणं हाच त्याच्या भीतीचा खुराक होतो. सांगितलं की बरं वाटतं, पण ते बरं वाटणं टिकत नाही. ते ओसरलं की आधीपेक्षा जोरात विचारावंसं वाटतं. पहिल्या निगेटिव्ह कागदाने मला पंधरा दिवस झोप दिली. दुसऱ्याने चार दिवस. तिसऱ्याने घरी पोहोचेपर्यंतही नाही. रिक्षात बसल्याबसल्याच मनात आलं होतं, बाटल्यांची अदलाबदल झाली असली तर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात ही आजारभीती मंत्रचळाच्या कुटुंबात ठेवली आहे. दहा वेळा कुलूप ओढून बघणारा, हात धूत राहणारा आणि पाचव्यांदा रक्त देणारा यांची जात एक. मला ते वाचून हलकं वाटलं. आपण भित्रे नाही, पापी तर नाहीच. आपल्याला एक आजार होता, फक्त तो रक्तात नव्हता. त्याला उपचार आहेत. विचार आणि वागणं बदलण्याची उपचारपद्धती आहे, गरज पडली तर गोळ्या आहेत. इंग्लंडात पीटर टायरर यांच्या गटाने ४४४ रुग्णांवर ही पद्धत तपासून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचार करणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले कर्मचारी होते. पाच ते दहा बैठकांत फरक पडला आणि दोन वर्षांनंतरही टिकला. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणी केंद्रं आहेत, तिथे समुपदेशक आहेत. निगेटिव्ह कागद घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला 'कशाला घाबरतोस, जा घरी' म्हणून वाटेला न लावता दहा मिनिटं बसवून घेतलं, तर कितीतरी पोरं वाचतील. वाचतील हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. त्या अकरा महिन्यांत चौथ्या गेटाजवळून जाताना मालगाडी येताना दिसली की मी रुळांपासून लांब जाऊन उभा राहायचो. माझा माझ्यावर भरवसा नव्हता. ज्याचं कुणाचं असं होत असेल त्याने १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावावा, धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था जवळ आहे तिथे जावं. एचआयव्हीची शंका विचारायला १०९७ आहे. पण एकदाच विचारावं.

०००

आमच्या जिल्ह्यात हा रोग नव्हता असं नाही. इथे तो फार होता. २००५-०६च्या सुमारास कर्नाटकातल्या पाच जिल्ह्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा सगळ्यात जास्त प्रमाण बेळगावात निघालं. दर तिघींमागे एक. पुणे-बेंगळूरु महामार्ग, निपाणीचा तंबाखूचा व्यापार, सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला सोडलेल्या मुली, उसाच्या तोडीवर जाणारी कुटुंबं, हे सगळं एका नकाशावर आहे. त्यांची भीती खरी होती, पण ती फोनवर विचारायला त्यांना कुणी काका नव्हता. सांगलीच्या गोकुळनगरात १९९२ साली मीना शेषू यांच्या 'संग्राम'ने त्या बायांबरोबर काम सुरू केलं. पुढे बायांनी स्वतःची परिषद काढली, तिचं काम निपाणीपर्यंत आलं. आपला बचाव आपण करायचा, एकमेकींना सांभाळायचं, हे त्यांनी भल्याभल्यांच्या आधी करून दाखवलं. मी अकरा महिने सलूनच्या खुर्चीतल्या काल्पनिक ट्रकवाल्याला घाबरत होतो, त्याच काळात खरी माणसं याच जिल्ह्यात मरत होती. ही लाज मला अजून आहे.

म्हणून त्या मुलाला मी एकदा विचारलं, "तुझ्या शेजारच्या मशीनवरचा तो माणूस, तो कसा आहे रे?"

तो गडबडला. मग हळूहळू कळलं. चहाचा त्याचा कप वेगळा झाला आहे. कुणी तसं सांगितलं नाही, पण वेगळा झाला. डबा तो आता मशीनजवळच खातो. त्याला खरंच एचआयव्ही आहे का, कुणालाच माहीत नाही. मधुमेहाच्या गोळ्या असतील, क्षयाच्या असतील. असला एचआयव्ही तरी काय? औषध नीट घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी होतो. युरोपात अशा जोडप्यांच्या मोठ्या पाहण्या झाल्या, निष्कर्ष २०१६ आणि २०१९ साली आले. निरोध न वापरता हजारो वेळा संबंध आले, तरी औषध घेणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला एकदाही लागण झाली नाही. आणि इथे आपण एका बोटाच्या कापल्यावर चहाचा कप वेगळा करून बसलो आहोत.

"मी पण गेलो नाही त्याच्याजवळ," मुलगा म्हणाला. "तीन महिने झाले, बोललो नाही."

मीही तेच केलं होतं. अकरा महिने सलूनवाल्या मामांच्या दारावरून मान खाली घालून जायचो. मुद्दाम तिसऱ्या गेटाकडे लांब जाऊन दाढी करायचो, ब्लेडचं पाकीट घरून घेऊन. सहा आठवड्यांची ती तारीख उलटल्यावर एका सकाळी मामांच्या खुर्चीत बसलो. त्यांनी काही विचारलं नाही. फडकं झटकून गळ्याला बांधलं, साबण फेसाळला, आणि मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "काय चुकलंतं काय माझं?" मला बोलता येईना. मी मान हलवली. त्यांनी खणातून ब्लेडचं पाकीट काढलं, माझ्या डोळ्यांसमोर धरलं, कागद फाडला. मी डोळे मिटून घेतले.

मामा आता नाहीत. दुकान त्यांचा मुलगा चालवतो.

०००

गेल्या आठवड्यात मी या मुलाला सांगितलं, की तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी यापुढे देणार नाही. रागाने नव्हे. फोन कर, हवा तेवढा वेळ बोल, फक्त ते एक विचारलंस तर मी दुसरंच काहीतरी बोलेन. मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच्या दोन बैठका झाल्या आहेत, त्यांनीही हेच सांगितलं आहे. पिशवी त्याने बापाच्या हवाली केली आहे. बापाला सगळं सांगावं लागलं. बाप ऐकून घेऊन इतकंच म्हणाला, "आधी का सांगितलं नाहीस?"

काल रात्री फोन आला. बायकोने पंखा एकवर केला.

"काका, झोपला नव्हतासा न्हवं?"

"नाही."

"ते वेस्ट..."

मी म्हटलं, "येळ्ळूर रोडच्या शिवारात भात पोसवलं का रे तुमचं?"

तो गप्प झाला. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याच्या मागे गेटावरून चाललेल्या मालगाडीचा आवाज. तीच गाडी मला माझ्या मागच्या दारीही ऐकू येत होती. डबे संपेपर्यंत आम्ही दोघेही थांबलो.

"अर्धं पोसवलंय," तो म्हणाला. "वरच्या बांधाकडचं अजून नाही. पाणी कमी पडतंय तिकडं."

"मग उद्या काय करणार?"

"सकाळी बापूसंगं जातो म्हणतोय. आठची शिफ्ट हाय, त्याआधी."

"डबा कुठं खातोस हल्ली?"

बराच वेळ काही नाही.

"उद्या त्याच्याजवळ बसतो," तो म्हणाला.